दवाची कटती

उत्तमभाऊ भाषणाला उभे राहिले की मला गिरणी बंद करावी लागे. गावचा पार माझ्या पिठाच्या गिरणीच्या अगदी समोर, आणि भाऊंचं म्हणणं असं की पट्ट्याच्या खडखडाटात क्रांती होत नसते. मी म्हणायची, "भाऊ, बाया डबे घेऊन उभ्या आहेत." त्यावर ते हात जोडून म्हणत, "ताई, फक्त धा मिन्टं." ती दहा मिनिटं पाऊण तासाची असत. रिकामं बसणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून मी तेवढ्यात जातं उघडून दगडाला टाकी लावायला घ्यायची. टाकीच्या टकटक आवाजाला मात्र त्यांची हरकत नसे. लांबून ऐकलं तर टाळ्यांसारखा वाटतो, असं ते एकदा मला म्हणाले होते.

बोरी अरबपासून कोसभर आत आमचं गाव. कापसाची ती वाईट वर्षं होती. आमच्या जिल्ह्याचं नाव दिल्लीपर्यंत गेलं होतं आणि दिल्लीहून पांढऱ्या गाड्या आमच्यापर्यंत येत होत्या. आठवड्याला एक तरी टीव्हीवाला यायचा. कोणाला विचारायचं, हा प्रश्न त्याला पडत नसे, कारण फाट्यावर उतरल्यावर पहिला माणूस दिसे तो उत्तमभाऊ.

त्यांच्या घरी खुंटीला दोन सदरे असत. एक पांढरा, कडक इस्त्रीचा, बैठकीचा. दुसऱ्याच्या खांद्यावर ठिगळ होतं. तो टीव्हीचा सदरा. गाडीचा धुरळा दिसला की भाऊ आत जात आणि ठिगळ घेऊन बाहेर येत. त्यांची बायको, आम्ही वहिनी म्हणायचो, ती हाही सदरा निळीत घालून इस्त्री करून ठेवी. त्यामुळे ठिगळ ताठ उभं राहायचं. मी एकदा विचारलं, "वहिनी, एवढी गरिबी कुठे लागली खांद्याला?" ती चूल फुंकता फुंकता म्हणाली, "सदरा कुठी फाटला नोता वो बाई. ठिगळ म्याच लावलं. त्याईनं सांगतलं, दिसंन असं लाव."

भाऊंना नाटकी म्हणून सोडून देता आलं असतं तर माझं काम सोपं झालं असतं. पण माणूस बोलायचा ते खरं असायचं.

तेव्हा सरकी काढणाऱ्या जिनिंगवर कापूस विकायला नेला की काय व्हायचं ते सांगते. बैलगाडी, ट्रॅक्टर रांगेत उभे. जिनिंगचा माणूस यायचा, गाडीतल्या कापसात हात खुपसायचा, बोटं चोळायचा आणि म्हणायचा, "ओला आहे." की झाली कटती. क्विंटलमागे दोन किलो वजनातून गायब. कापूस महिनाभर घरात वाळलेला असो, चैतातल्या उन्हातून आलेला असो, त्या माणसाच्या बोटांना तो ओलाच लागायचा. पुढे एक यंत्र आलं, कापसात टोचायचं आणि आकडा दाखवायचं. आकडा फक्त जिनिंगच्या माणसाला दिसेल अशा बाजूने ते धरलं जाई. वर्षानुवर्षं लोक हे मुकाट सोसत आले होते. "दोन किलोनं काय व्हते" असं म्हणून घरी येत आणि दोन किलोनं काय होतं ते घरी आल्यावर बोलत.

भाऊ जिनिंगवर बोलले. पहिल्या दिवशी मी तिथे होते, कारण निवेदन माझ्या हातचं होतं. भाऊंना बोलायला दिवस पुरत नसे, पण लिहायला घेतलं की तिसऱ्या ओळीत पेन मोडायचं. मी दहावी झालेली, अक्षर बरं, म्हणून पत्रकं माझ्या गिरणीत, पिठाच्या डब्यावर पाटी ठेवून लिहिली जायची. ते फेऱ्या मारत सांगायचे आणि प्रत्येक वाक्यामागे म्हणायचे, "लिवा ताई, लिवा." जसं काही मी नाही लिहिलं तर वाक्य उडून जाईल.

तर जिनिंगच्या शेठच्या हापिसात आम्ही पाच-सहा जण. शेठ गादीवर, लोडाला टेकून. भाऊंनी निवेदन दिलं. शेठने न वाचता घडी घातली आणि म्हणाले, "उत्तमराव, मशीन झूठ नहीं बोलती."

भाऊ म्हणाले, "बरोबर हाय शेठजी. मशीन कायले खोटं बोलंन?" आणि टेबलावरचं ते यंत्र उचलून त्यांनी शेठच्या गादीत टोचलं. कापसाचीच गादी. सगळे वाकून पाहू लागले. आकडा आमच्या गाड्यांना लावायचे त्याच्याही वर गेला.

"शेठजी," भाऊ अगदी काळजीच्या आवाजात म्हणाले, "गादी ओली हाय तुमची. कवापासून हाय?"

मुनीम तोंडात रुमाल कोंबून बाहेर पळाला. बाहेरच्या गाड्यांवर ही गोष्ट पोचायला दोन मिनिटं लागली नाहीत. त्यानंतर दोन हंगाम कोणी शेठकडे गेला की आधी त्यांच्या गादीकडे पाहायचा. भीती जाते ती अशी. पत्रकं लिहून जात नाही, हे मी पत्रकं लिहिणारीच सांगते आहे.

त्या संध्याकाळी मला भाऊंचा अभिमान वाटला होता. तो साधारण सतरा दिवस टिकला.

अठराव्या दिवशी पंचफुलाबाई डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन गिरणीत आली. पंचफुलाबाई बौद्धपुऱ्यातली, पन्नाशीची, आवाजाला खर्ज. तिची स्वतःची दोन एकर कोरडवाहू होती आणि हंगामात बारा-पंधरा बायांचा ताफा घेऊन ती दुसऱ्यांच्या वावरात वेचणीला जायची. वेचणीची मजुरी किलोवर. दिवसभर कमरेच्या ओटीत कापूस वेचायचा, ओटी भरली की गाठोड्यात रिकामी करायची, आणि सांजेला मालकाच्या दारात काट्यावर जोखून द्यायचा. त्या दिवशी ती उत्तमभाऊंच्या वावरातून येत होती.

"ताई, तुमचा काटा रिकामा हाय का?"

"दळण कुठे आहे?"

"दळन नाही. हे जोखून पाहा."

मी गाठोडं काट्यावर ठेवलं. तीस किलोला थोडं वर भरलं. पंचफुलाबाईने मान हलवली आणि गाठोडं उचलून गेली. अर्ध्या तासाने रिकाम्या हाताने परत आली.

"किती भरलं भाऊंकडे?" मी विचारलं.

"सत्तावीस."

"काटा बिघडला असेल त्यांचा."

"काटा बेस हाय. भाऊ सोताच सांगतात न. तीस भरलं, दवाची कटती तीन." तिने तीन बोटं दाखवली. "धा किलोले एक किलो. म्हने सकाळचा कापूस दवानं ओला रायते."

मला हसू आलं आणि ते चुकीच्या वेळी आलं हे लगेच कळलं. हसू यायचं कारण, आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक होतं की भाऊ बायांना सकाळी सहाला वावरात बोलावत. इतर शेतकरी ऊन चढल्यावर, दव वाळल्यावर वेचणी सुरू करत. भाऊ म्हणत, लवकर या, थंडाव्यात काम होते, बायांच्या जिवाला त्रास नाही. म्हणजे दवात बोलावणारे तेच. आणि संध्याकाळी, दिवसभराच्या उन्हात कोरडाठक्क झालेल्या कापसातून ते सकाळचं दव कापून घेत.

"किती वर्षांपासून?" मी विचारलं.

"पयल्यापासून. आमाले वाटे, रीतच असंन. मंग तुमी लिवलेला तो कागद माह्या पोरीनं वाचून दाखोला. कटती म्हंजे वजनावरचा दरोडा. म्या म्हनलं, बाई वो, हे तं आमचंच लिवलं हाय."

आणि तिची आणखी एक गोष्ट होती, जी ती रागाने नाही, नुसती सांगून टाकावी तशी बोलली. तिच्या दोन एकरांचा कापूस जिनिंगवर जायचा तेव्हा तिकडे कटती. ती भाऊंकडे वेचायला जायची तेव्हा इकडे कटती. "दोनीकून कापून राह्यले मले," ती म्हणाली. दहा दिवस राबलं की एक दिवस फुकट. तिची पोर दारव्ह्याला शिकत होती. एसटीचा पास त्या फुकट गेलेल्या दिवसांतूनच निघाला असता.

मी भाऊंशी बोलले. मला आडपडद्याने बोलता येत नाही. दुसऱ्या दिवशी ते पत्रक सांगायला आले, तेव्हा पेन खाली ठेवून मी विचारलं, "भाऊ, तुमच्या दारात कटती का?"

ते दुखावल्यासारखे दिसले. खरोखर दुखावले होते, ढोंग नव्हतं. "ताई, तुमी दोन गोष्टींची सरमिसळ करून राह्यल्या. ते आंदोलन हाय. हे घर हाय."

"कापूस तोच आहे."

"कापूस तोच हाय, पन दव तं पडतेच न? सांगा, पडते का नाही?"

"पडतं. पण उन्हाने वाळतं."

"हेच म्या शेठले सांगतलं होतं," ते उत्साहाने म्हणाले, "की वाळते! हे घ्या, लिवा ताई, लिवा." आणि ते वाक्य त्यांनी पत्रकात घातलं.

मी अनेक लबाड माणसं पाहिली आहेत. गिरणी चालवणाऱ्या बाईला ती पाहावीच लागतात. लबाड माणसाला आपण लबाडी करतो हे ठाऊक असतं. भाऊंना खरंच ठाऊक नव्हतं. त्यांच्या डोक्यात जिनिंग आणि घर यांच्या मधोमध एक धुरा, म्हणजे वावराचा बांध, होता, आणि तो ओलांडून एकही विचार इकडून तिकडे जात नसे.

त्याच आठवड्यात जिनिंगच्या फाटकावर बेमुदत ठिय्या ठरला. कटती बंद झाल्याशिवाय एकही गाडी आत जाऊ द्यायची नाही. अशा वेळी पुढे बाया लागतात. बाया पुढे असल्या की पोलिसांचा हात जड होत नाही, आणि टीव्हीवाल्यांचा कॅमेरा हलत नाही. भाऊ बौद्धपुऱ्यात येऊन बायांना हात जोडून गेले. "तुमच्याबिगर हे होत नाही," म्हणाले. ते खरंच होतं.

पण भाऊंच्या आधी तिथे जिनिंगचा मुनीम येऊन गेला होता. कुठून तरी त्याला सुगावा लागला होता. तो पंचफुलाबाईला म्हणाला होता, "बाई, तुम्हारा नेता खुद काटता है. टीव्हीवाले आएंगे, बस इतना बोल दो. तुम्हारे दो एकड़ के कापूस की कटती मैं देख लूंगा."

भर दुपारी विहाराच्या ओट्यावर बाया बसल्या. मला पंचफुलाबाईने बोलावून घेतलं होतं. मी कोपऱ्यात बसले आणि तोंड बंद ठेवलं, जे मला जड जातं.

शबाना सगळ्यांत तरुण. तिचा नवरा फाट्यावर सायकली दुरुस्त करायचा, ती वेचणीला यायची. ती उसळून म्हणाली, "बोल डालो ना मावशी! टीव्ही के सामने बोल डालो. ठिगळ लगा के घूमता है, चोट्टा!"

दुसरी म्हणाली, "मंग का होईन?"

"मुँह काला होईंगा उसका."

"त्याचं तोंड कायं होईन," पंचफुलाबाई म्हणाली. "आन् आपलं? मुनीम म्हनीन, पाहा वो, हे सारेच चोर हाय. गाड्या घाला अंदर, कटती चालू. मंग माहा कापूस बी कटंन, तुह्या सासऱ्याचा बी कटंन."

"तो क्या, चूप बैठना?"

"चूप कायले बसाचं? कावळ्यानं सांगतलं म्हून भरलेलं आभाळ खोटं रायते का? भाऊ बोलून राह्यला ते खरं हाय. ते पयले पदरात पाडून घेऊ. मंग भाऊले पाहू."

"कधी पाहू?" कोणीतरी विचारलं.

पंचफुलाबाई बोटं मोजत म्हणाली, "त्याचा दुसरा येचा कवा येते? पुढच्या आठोड्यात न? तवा."

दुसरा येचा म्हणजे दुसरी वेचणी. बोंडं एकदम फुटतात, वावर पांढरंशुभ्र होतं, आणि तो कापूस आठ-दहा दिवसांत वेचला नाही तर लोंबून मातीत जातो. बायांनी एकमेकींकडे पाहिलं. शबाना हसली. सभा तिथेच संपली.

ठिय्या तीन दिवस चालला. बाया पहिल्या रांगेत होत्या, आणि भाऊ गाडीवर उभे राहून बोलत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी मुनीम भाऊंना बाजूला घेऊन गेला. त्यांच्यापासून दोन हातांवर मी पाण्याचा कॅन भरत होते. मुनीम म्हणाला, "उत्तमराव, आपकी चार गाड़ी बिना कटौती के अंदर. और बात खतम."

भाऊंचा चार गाड्या कापूस रांगेत उभा होता आणि बाजार उतरत होता. कटती कापणाऱ्या माणसाला कटती माफ होत होती, आणि पाहायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

"माह्या नाही," भाऊ म्हणाले. "साऱ्याईच्या. नाहीतं एकाची बी नाही."

"सोच लो."

"सोचाचं का त्यात? म्या एकट्यानं घेतली तं मंग म्या रात्री झोपू कसा?"

हा प्रश्न त्यांनी अगदी मनापासून विचारला. बायांचे तीन किलो कापून ते आरामात झोपत होते, पण ही एक गोष्ट घेतली असती तर त्यांना झोप आली नसती. मी कॅन बंद केला. पुढे कितीतरी दिवस मी या माणसाचा विचार करत राहिले आणि शेवटी सोडून दिला, कारण दळण थांबत नाही.

तिसऱ्या दिवशी शेठने मान तुकवली. फाटकावर पाटी लागली : कटती बंद. भाऊंच्या गळ्यात हार पडले. ते गाडीवर चढले आणि म्हणाले, "वजन म्हंजे घाम! घामातला एक थेंब बी कापाचा कोनाले अधिकार नाही!" पंचफुलाबाईने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. वाक्य चांगलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला भाऊंच्या वावरात कोणी गेलं नाही.

सातलाही नाही. आठ वाजता भाऊ धुऱ्यावर उभे राहून रस्त्याकडे पाहत होते, असं त्यांच्या शेजाऱ्याने येऊन सांगितलं. त्या शेजाऱ्याच्या गावाच्या दुसऱ्या टोकाच्या वावरात ऊन चढल्यावर त्याच पंधरा बाया गाणी म्हणत वेचत होत्या. भाऊंना वाटलं, तीन दिवस उन्हात बसल्या, थकल्या असतील. दुसऱ्या दिवशीही कोणी नाही. मग त्यांनी वहिनीला वेचायला लावलं आणि स्वतःही ओटी बांधली. वहिनी नंतर हसून हसून सांगत होती की दुपारपर्यंत त्यांनी दोन किलो वेचला, त्यात अर्धी पानं. "आन् मले म्हनतात, जोखून पाय बरं, जास्त असंन."

तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. ऐन हिवाळ्यात आमच्याकडे असं अवकाळी आभाळ येतं. फुटलेल्या कापसावर पाणी पडलं तर तो काळा पडतो. चौथ्या दिवशी सकाळी भाऊ गिरणीत आले. इस्त्रीचा सदरा होता, पण बटणं वरखाली लागली होती.

"ताई, बाया काहून येऊन नाही राह्यल्या? तुमाले ठाव असंन."

"त्यांनी कागद दिला आहे तुमच्यासाठी," मी म्हणाले आणि पिठाच्या डब्याखालून काढून दिला.

कागद माझ्याच अक्षरातला होता. आदल्या संध्याकाळी पंचफुलाबाईने सांगितलं होतं, "ताई, नवीन काई लिवू नका. तेच लिवा, बेस लिवलेलं हाय. निस्तं जथी यापारी हाय तथी भाऊ लिवा."

भाऊंनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. त्यांना मनात वाचता येत नसे. "आमच्या कापसात पाणी नाही. कटती हा वजनावरचा दरोडा आहे. भर उन्हात वाळलेल्या कापसाला ओला म्हणणाऱ्याने आधी आपले डोळे पुसावेत..." इथे ते थांबले आणि खूश होऊन माझ्याकडे पाहिलं. "हे म्याच म्हनलं होतं न?"

"तुम्हीच."

"जमलं होतं बरं हे वाक्य." ते पुढे वाचू लागले. "दव उन्हाने वाळते, हे लेकराला कळते ते उत्तमभाऊंना..." आवाज थांबला. ती ओळ त्यांनी दुसऱ्यांदा वाचली, पहिल्यांदाच मनात. मग शेवटची : "कटती बंद झाल्याशिवाय आम्ही एक बोंडही वेचणार नाही." खाली पंधरा जणींच्या सह्या आणि अंगठे.

बाहेर पारावर त्या पंधराही जणी येऊन बसल्या होत्या. गिरणी मी स्वतःहून बंद केली. कोणी सांगितलं नव्हतं.

भाऊंनी कागदाची घडी घातली. मग ते दारात आले आणि म्हणाले, "पंचफुला, भाषा जरा जड झाली. दरोडा कायले? घरचा मामला हाय. तफावत लिवाचं होतं."

"शेठच्या दारात दरोडा आन् तुमच्या दारात तफावत?" पंचफुलाबाई बसल्या जागेवरून म्हणाली.

"अवो पन दव—"

"भाऊ, सोपं सांगतो. आमाले सहाले बलावसान तं दव तुमचं. ते तुमी कापाचं नाही. नाहीतं आमी नवाले येतो, वाळला कापूस वेचतो. मंग कायची कटती कापता ते सांगा."

भाऊंनी वर आभाळाकडे पाहिलं, मग पारावरच्या बायांकडे, मग पुन्हा आभाळाकडे.

"आता तं आठ वाजले," ते म्हणाले. "नवालेच या मंग."

"आन् सांजच्याले?"

"सांजच्याले..." दाढ काढताना माणूस करतो तसं तोंड करून ते म्हणाले, "जेवढं भरंन तेवढं."

"कागदावर सही करा," शबाना म्हणाली. भाऊंनी सही केली. सही मात्र नेहमीसारखी मोठी, खाली दोन रेघा मारून.

त्या संध्याकाळी जोखताना मी मुद्दाम गेले होते. भाऊ काटा वाचत होते. "अठ्ठावीस," ते म्हणाले. "अठ्ठावीस का आनखी काई?" पंचफुलाबाईने विचारलं. ते वाकले. "आन् अर्धा," ते म्हणाले. पाऊस आला तो त्यानंतर दोन दिवसांनी. तोवर भाऊंचा सगळा कापूस घरात होता.

आता ही गोष्ट इथे संपती तर बरी दिसली असती. पण भाऊ भाऊ होते. आठवडा गेला नाही तोच एक पांढरी गाडी फाट्यावर आली आणि टीव्हीचा सदरा खुंटीवरून उतरला. त्यांनी सांगितलं की जिल्ह्यात वेचणीची कटती बंद करणारा पहिला शेतकरी मी; क्रांतीची सुरुवात घरापासून होते. बातमीदार मुलगी हुशार होती. तिने माइक पंचफुलाबाईकडे वळवला. "भाऊंनी स्वतःहून बंद केली का?"

"हो," पंचफुलाबाई म्हणाली. "आमी तीन रोज गेलो नाही, तवा त्याईनं सोताहून बंद केली."

टीव्हीवर दाखवलं तेव्हा तिचं फक्त "हो" शिल्लक होतं.

शबाना चिडली. पंचफुलाबाईला काही वाटलं नाही. ती म्हणाली, बरं झालं, आता मागं फिरता नाही येत त्याले. आणि ते खरं ठरलं. टीव्हीवर सांगून बसल्यामुळे भाऊंना दुसऱ्या वर्षी ते खरं करावं लागलं, आणि मग एकट्यानेच काय म्हणून सोसायचं, या न्यायाने त्यांनी आजूबाजूच्या गावांत जाऊन इतर शेतकऱ्यांच्या दारची कटती बंद करायचा सपाटा लावला. भाषण जुनंच होतं. मी पत्रक लिहून द्यायची. "दरोडा" शब्द त्यांनी पुन्हा वापरायला घेतला होता. आता तो दुसऱ्यांच्या दारात होता.

मला लोक विचारतात, असल्या माणसासाठी तुम्ही एवढी पत्रकं का लिहिली? मी म्हणते, माणसासाठी लिहिली नाहीत. जिनिंगवर गाडी आत जाते तेव्हा काटा गाडीवाल्याचा स्वभाव विचारत नाही. आणि उत्तमभाऊंना आम्ही वाऱ्यावर सोडलं असतं, तर पुढच्या वेळी शेठच्या गादीत यंत्र टोचायला दुसरं कोणी गेलं नसतं. मीही गेले नसते. पहिल्या वेळीही मी निवेदन लिहून दिलं आणि मागे उभी राहिले.

दोन वर्षांनी उन्हाळ्यात ते अमरावतीला मुलाकडे गेले आणि तिकडेच झटक्याने वारले. त्याआधी मी त्यांना शेवटचं पाहिलं ते फाट्यावर. वेचणीची कटती सगळ्या तालुक्यात बंद व्हावी म्हणून यवतमाळला निवेदन द्यायचं होतं. पंचफुलाबाई, शबाना आणि आणखी पाच-सहा बाया निघाल्या होत्या, नेते अर्थातच भाऊ. मी निवेदनाची प्रत द्यायला गेले होते. एसटी भरून आली. भाऊंनी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली आणि सगळ्यांच्या आधी चढून बसले. बाया मागून चढल्या आणि दांडीला धरून उभ्या राहिल्या.

कंडक्टर पोरगी होती. ती म्हणाली, "काका, वर वाचा. ही सीट महिलांसाठी राखीव आहे."

"बाई," भाऊ मोठ्या समजुतीने म्हणाले, "म्या बायांच्याच कामाले चाललो."

अख्खी बस हसली. भाऊंना त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही, आणि ते कंडक्टरला कामाचं स्वरूप समजावून सांगू लागले. पंचफुलाबाईने वाकून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"उठा भाऊ. काम आमचं हाय न? मंग शीट बी आमची."

ते उठले. बोलणं न थांबवता उठले. पंचफुलाबाई खिडकीशी सरकली, शेजारी शबानाला ओढून बसवलं, आणि निवेदनाची पिशवी भाऊंच्या काखेतून काढून मांडीवर घेतली. घंटी वाजली. बस वळणावर गेली तेव्हा मागच्या काचेतून भाऊ दिसत होते. एक हात दांडीला आणि दुसरा हवेत. आवाज येत नव्हता, नुसतं तोंड हलत होतं. बसलेल्या बाया ऐकत होत्या.